दस्तीनं पुसलेलं भिंग

आमच्या घरात वाटनी साफ हाय. अळ्या तिच्या, मशीन माझी. अळ्या म्हंजे रेशमाच्या. ती म्हंजे माझी घरवाली. आन् मशीन म्हंजे मायक्रोस्कोप, जिच्यापायी मी गावात डॉक्टर झालो आन् पंधरा दिसात डॉक्टरचा काय काय झालो ते सगळं इथं लिवन्यासारकं न्हाई.

उदगीरकडून निलंग्याला निघालं की रस्त्याच्या डाव्या हाताला आमचं गाव. एक एकर तुती, वावराच्या कडंला पत्र्याचं शेड, शेडमदी लोखंडी पाइपाचे दोन रॅक, एकेक पाच मजली. बारक्या अळ्या इकत आनायच्या, त्यांना तुतीचा पाला घालायचा, चार बार कात टाकली की त्या तोंडातून धागा काढून सोताभवती कोष इनतेत. ते कोष बाजारात न्यायचे. पाला कापनं, घालनं, शेड झाडनं, कोन अळी जेवली आन् कोन उपाशी हे बगनं, सगळं ती करते. मी काय करतो? मी शेडच्या दारात उभा राहून सल्ला देतो. ती म्हनते, "तो सल्ला वावरात टाका, खत तरी होईल."

शाळा माझी दुसरीपतूर. तिसरीत बसलो तवा मास्तर म्हनले, तू घरीच बरा, तुझ्या संगतीनं बाकीचे बी मागं पडून राहिले. मास्तरचं बरोबर होतं. मी गेलो आन् वर्ग पुडं गेला.

आता ही मशीन कामून लागली ते सांगतो. रेशमाच्या अळीला पेब्रीन नावाचा रोग होतो. नुसत्या डोळ्यानं दिसत न्हाई. दिसतो तवा येळ गेलेली असते. मागच्या हंगामात तिनं चौथ्या कातीच्या आदी मला सांगितलं, "अहो, ह्या जेवून न्हाई राहिल्या. एक मोठी, एक बारकी असं का व्हायलंय? कुनाला तरी दाखवा."

मी म्हनलं, "गरमी हाय. गरमीत मी तरी कुठं जेवतो?"

त्या दुपारी मी चार भाकरी खाल्ल्या होत्या.

आठ दिसात शेड साफ. अळ्यांच्या अंगावर मिरी शिंपडल्यासारके डाग, आन् वास असा की कुत्रं बी आत जाईना. नुसतं आमचं न्हाई, शंभर पावलावर माझ्या चुलतभावाचं शेड, आमी त्याला अण्णा म्हनतो, त्याचा बी अर्धा माल गेला. रोग पाल्यावरून जातो, टोपल्यावरून जातो, पायाला लागून जातो. तो माझ्याच पायाला लागून गेला. कामून की सल्ला द्यायला मी तिकडं बी जात होतो.

ती रडली न्हाई. तीन दिस शेड धुवत राहिली. मी बादल्या भरून दिल्या. चौथ्या दिशी एवढंच म्हनली, "मी सांगितलं होतं." मंग त्या गोष्टीवर एक शब्द न्हाई. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तवाच ठरवलं, पुडच्या बारीला रोग आदी मी बगनार.

लातूरला रेशमावाल्यांची ट्रेनिंग होती, गेलो. साहेबांनी अळी घोटली, तिचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, त्यावर पापडासारकी बारीक काच ठेवली आन् मायक्रोस्कोपखाली सरकवली. म्हनले, "रोग असला तर तांदळाच्या दान्यासारके लांबट, चकाकनारे दाने दिसतील. एकेकानं या आन् बगा." मोठी रांग. माझी पाळी आली तवा कोनता डोळा मिटायचा आन् कोनता उघडा ठेवायचा ह्यातच माझा येळ गेला. दोन्ही मिटले. मागच्यानं पाठीत कोपर घातलं. साहेबांनी विचारलं, "दिसलं का?"

"हाव," म्हनलं. "लई साफ दिसलं."

काय दिसलं होतं? माझ्या पापनीचा आतला अंधार. येताना त्यांनी रोगाच्या दान्यांचं चित्र असलेला एक कागद दिला. झेरॉक्सची झेरॉक्स होती ती. चकाकनारे दाने त्यात काळे ठिपके झालते. मी म्हनलं, आसंल, चकाकी म्हंजे हीच.

मशीन नांदेडला मिळाली. घरवालीचं माहेर हिमायतनगरकडचं, तिचा भाऊ नांदेडला गाडी चालवतो. त्याचा फोन आला, "दाजी, एका लॅबवाल्यानं जुनी मशीन काढलीय, रगत तपासायची. लाइटवर न्हाई, आरशावर चालते. तुमच्या गावात लाइट कुठं राहते, तुमाला हीच बरी." मी दुसऱ्या दिशी नांदेडला. लाकडाची पेटी, वर पितळी कडी. एसटीत चढलो तर कंडक्टर म्हनला, "पेटी वरी टाका, बुवा."

"काच हाय आत."

"पेटीत काच? कोनती भजनं म्हनता तुमी?" आन् सगळी गाडी हसली. शेजारच्या म्हातारीला ते खरंच वाटलं. म्हनली, "बाबा, आमच्या गावच्या सप्त्याला पेटीवाला भेटून न्हाई राहिला, येता का?" मी म्हनलं, "येतो की मावशे." न्हाई म्हनायची मला सवयच न्हाई. उदगीरपतूर पेटी मांडीवर होती. उतरलो तवा पाय दुसऱ्याचेच वाटत होते, स्टँडवर एका फळवाल्याच्या पपयांवर जाऊन बसलो.

घरी नारळ फोडला. ती हळदीकुंकू घेऊन आली आन् आदीच दम दिला, "काचंला बोट लावाल तर बगा."

"मी काय येडा हाय?"

तिनं मशीनच्या लोखंडी पायाला कुंकू लावलं, बास. मी बी काचंला काय म्हनून शिवलो न्हाई.

आता माझी रोजची रीत सांगतो. सकाळी आंघूळ, गळ्यातल्या लिंगाची पूजा, कपाळावर इभूतीचे तीन पट्टे, मंगच दुसरं काम. बापाची तीच रीत, त्याच्या बापाची तीच. आन् गळ्यात कायम एक दस्ती. रुमाल म्हना. घाम आला की तोंड पुसायचं, कपाळ पुसायचं, हात पुसायचे, सायकलची सीट झटकायची, सगळं त्याच दस्तीला. ती धुवायला मागते तवा मी म्हनतो, "उद्या."

पहिल्या दिशी मशीन शेडच्या दारात स्टुलावर मांडली. नळीला डोळा लावला. अंधार. चावी फिरवली. अंधार. मोठी चावी, बारकी चावी, दोन्ही बाजूच्या, सगळ्या फिरवल्या. खाली तीन भिंगं एका गोल चकतीला लटकलेली, लहान, मधलं, लांबडं. मला वाटलं तिन्ही एकदमच बगतेत. चकती अर्धवट फिरलेली होती, भिंग नळीखाली आलंच नव्हतं. दोन तास मी लोखंडाकडं बगत होतो. मेहुन्याला फोन लावला. त्यानं लॅबवाल्याला इचारून सांगितलं, "दाजी, चकती टिक वाजेपतूर फिरवा." टिक वाजलं. उजेड दिसला.

उजेडात काळ्या काळ्या काड्या हालत होत्या. मी वरडलो, "अगं ये, रोगाचे किडे दिसून राहिले!" ती पाला टाकून पळत आली. मी डोळा मिचकावला की किडे हालत. ती म्हनली, "पट्टीवर काय ठेवलंय?" पट्टी ठेवलीच नव्हती. माझ्याच पापन्या होत्या त्या. ती पाल्याकडं परत गेली. चालीवरूनच कळलं मला काय म्हनायचंय तिला.

दुसऱ्या दिशी आरसा. खाली एक वाटीएवढा आरसा हाय, तो फिरवून उजेड वर घ्यायचा. मी म्हनलं जितका उजेड जास्त तितकं साफ, आन् आरसा धरला सरळ सूर्याकडं. डोळ्यात खिळा ठोकल्यासारकं झालं. दुपारपतूर जिकडं बगावं तिकडं हिरवा गोळा. भाकरीवर गोळा, घरवालीच्या तोंडावर गोळा. मेहुना फोनवर म्हनला, "दाजी, सूर्याकडं न्हाई, नुसत्या आभाळाकडं धरा. आन् आदी लहान भिंग." हे त्यानं आदी सांगायला काय झालं होतं?

कांद्याचा पापुद्रा ठेवला. दिसला! इटांची भिंत बांधल्यासारका. पन भिंत डावीकडं सरकवावी तर ती पळायची उजवीकडं. वर म्हनावं तर खाली. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना स्टेरिंग उलटं मारावं लागतं, तसं. ट्रॉली बी मला कवा जमली न्हाई, दोनदा विहिरीच्या कठड्याला धडकवलीय. अण्णा बगायला आला, म्हनला, "काय बगून राहिला रे?"

"कांदा."

"कांदा बगायला नांदेडला गेलता? बाजारात दिसत न्हाई का?"

तिसऱ्या दिशी लांबडं भिंग लावलं आन् मोठी चावी खाली घेत गेलो, खाली, अजून खाली, काही दिसंना, अजून खाली. कर्रर. बारकी काच फुटली, पट्टी फुटली, कांदा चेंदामेंदा. असं तीन बार झालं. नांदेडहून आनलेल्या पट्ट्या डब्यात निम्म्या राहिल्या. मला इतका राग आला की मशीन उचलून विहिरीत टाकावी. उचलली बी. ती दारात उभी होती. म्हनली, "टाका. मंग ह्या बारीला बी गरमी म्हना." मी मशीन खाली ठेवली.

मंग कुठं समजलं. लांबडं भिंग बाजूनं बगत बगत काचंजवळ आनायचं, मंग नळीला डोळा लावून वर वर घ्यायचं. खाली न्हाई, वर. एवढी एक गोष्ट शिकायला मला तीन दिस लागले.

तोपतूर अळ्यांनी चौथी कात टाकली होती. आता शेवटचा आठवडा, अळी बोटाएवढी होते, पाला इतका खाते की शेडमदी पाऊस पडल्यासारका आवाज येतो. मी म्हनलं, "एक अळी दे."

ती म्हनली, "कोनती?"

"कोनती बी. घोटायचीय."

ती बराच येळ रॅकपाशी उभी राहिली. शेवटी एक बारकी, मागं राहिलेली काढून दिली. "एकच. आन् माझ्या खलात न्हाई." मी वाटीत चमच्यानं घोटली. थेंब पट्टीवर, बारकी काच वर, वरची नळी काढून दस्तीनं पुसली, आरसा आभाळाकडं, लहान भिंग, मंग लांबडं. चावी वर. वर. थांबलो.

काळे ठिपके.

खिशातून झेरॉक्स काढली. तसेच ठिपके. परत बगितलं. नळी धुकटल्यासारकी वाटली म्हनून वरची डोळ्याची नळी उपसून काढली, तिची दोन्ही तोंडं दस्तीनं चांगली घासून पुसली, परत बसवली. ठिपके वाढले. मी म्हनलं, बगा, पुसलं की अजून साफ दिसून राहिलं.

त्या दिशी तिच्याकडून मी दहा अळ्या घेतल्या. दर अळीमागं तिचं तोंड बारीक होत गेलं. दोन्ही रॅकच्या, वरच्या मजल्याच्या, खालच्या, धट्ट्या, बारक्या. सगळ्यांत ठिपके. दर दोन अळ्यांनंतर मी नळी पुसायचो, आन् रोग वाढायचा. अण्णाच्या शेडमदी गेलो, न सांगता त्याची बी एक अळी आनली. तिच्यात तर लई ठिपके. मी जाऊन सांगितलं, "अण्णा, तुझ्या मालात बी रोग हाय. काढून टाक."

अण्णा कोयत्यानं पाला कापत होता. म्हनला, "तू तिसरी कवा पास झाला?"

"अण्णा, मशीनमदी दिसलंय."

"तुझ्या मशीनला कांदा दाखव. माझ्या अळीकडं बगायचं न्हाई."

लातूरला साहेबांना फोन लावला. ते म्हनले, "सोमवारी येतो, तोपतूर काही करू नका. मी बगतो." त्या दिशी गुरुवार. मी म्हनलं, सोमवारपतूर? मागच्या बारीला मी असंच आज-उद्या करत राहिलो आन् शेड धुवायची पाळी आली. ह्या बारीला थांबायचं न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं काम येळेवर करायचं ठरवलं. नेमकं तेच.

तिला सांगितलं. ती शेडमदी पाला पसरत होती. हात थांबला.

"सगळ्या?"

"आदी एक रॅक. मंग दुसरा. रोग हाय ना. ठेवल्या तर अण्णाचं बी जाईल, पुडचं पीक बी जाईल."

"खाऊन तर राहिल्या चांगल्या."

"आतून रोगी हायेत. तुला न्हाई दिसत. मला दिसतंय."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. मला दिसतंय. मागच्या बारीला ती सांगत होती आन् मी ऐकलं न्हाई, म्हनून ह्या बारीला तिनं माझं ऐकलं. दुपारी मी तुतीच्या कोपऱ्यात कंबरभर खड्डा खांदला. ती टोपल्या भरून द्यायची, मी ओतायचो. अळ्या टोपल्यात बी पाला खात होत्या. वरून चुना टाकला, माती लोटली. शेवटच्या टोपल्याला ती खड्ड्यापतूर आली न्हाई, टोपलं बांधावर ठेवून गेली.

त्या संध्याकाळी शेडमदी अर्धाच आवाज होता.

दुसऱ्या दिशी सकाळी पूजा केली, पट्टे ओढले, कुदळ घेतली. दुसरा खड्डा. ती शेडच्या दारात स्टुलाजवळ उभी होती, हातात तीन अळ्या. "खांदायच्या आदी मला दाखवा. रोग कसा असतो ते."

मला बरंच वाटलं, खरं सांगतो. पहिल्यांदा कोनी मला काही दाखव म्हनून राहिलं होतं. पहिली अळी घोटली, पट्टी लावली, चावी मी फिरवून दिली. तिनं डोळा लावला. तिला एका झटक्यात जमलं, कोनता डोळा वगैरे काही न्हाई.

"काळं काळं. हे?"

"हाव, तेच."

"दुसरी लावा."

दुसरी लावली. ती बगत राहिली. "तिसरी लावा."

तिसरी लावली. ती बराच येळ वाकून होती. मंग डोळा न उचलता म्हनली, "अहो, ह्या तिन्ही अळ्यांना रोग एकाच जागी कसा?"

"म्हंजे?"

"वर दोन, खाली तीन, बाजूला एक वाकडा. पहिलीत बी तसंच. दुसरीत बी. रोज दारात रांगोळीचे ठिपके काढते मी. ठिपके एकदा बगितले की मला इसरत न्हाई. हे तेच हायेत."

मी म्हनलं, "रोगाची तशी रीत आसंल."

ती उठली, घागरीतून ओंजळभर पानी आनलं. "हे लावा."

"पान्यात काय बगायचं?"

"लावा."

नुसतं पानी लावलं. मी डोळा लावला. वर दोन, खाली तीन, बाजूला एक वाकडा.

"दिसले?"

मी परत डोळा लावला.

"पान्याला बी पेब्रीन झाला का?" ती म्हनली. मंग पट्टीच काढून घेतली. खाली काही न्हाई, नुसतं आभाळ. ठिपके जिथल्या तिथं. तिनं वरची नळी बोटानं धरून हळू गोल फिरवली. "आता बगा." मी बगितलं. नळी फिरली तसे ठिपके बी फिरत होते, जत्रेतल्या पाळन्यावानी. सहाच्या सहा, सगळा रोग गोल गोल.

रोग नळीत होता.

तिनं नळी उपसून उजेडात धरली. खालच्या काचंवर पांढरी भुकटी. एकदा नळीकडं बगितलं, एकदा माझ्या कपाळाकडं, आन् मंग माझ्या गळ्यातली दस्ती ओढून उन्हात झटकली. धूर निघाल्यासारकी राख उडाली. वर्षाची इभूती होती तिच्यात. पांढरीच, पन मागून उजेड आला की काळी दिसते. पुसून पुसून मीच आत भरत होतो. जितकं पुसलं तितका रोग. काचंला कुंकवाचं बोट लावलं न्हाई म्हनून मी तोऱ्यात होतो, आन् इकडं रोज दस्तीनं देवाची राख चोळत होतो.

मी म्हनलं, "माझं चुकलं."

ती तुतीच्या कोपऱ्याकडं बगत होती. एक दिस चुन्यात. काढून काही होनार नव्हतं, दोघांना माहीत होतं. मी तरी फावडं घेतलं. ती म्हनली, "राहू द्या." मंग म्हनली, "दुसऱ्या रॅकचा पाला कापायचाय. कोयता घ्या."

त्या दिसापासून पाला मी कापला. सल्ला बंद.

अण्णाकडं जानं सगळ्यात अवघड. दारातच सांगून टाकलं. अण्णा इतका हसला की बांधावर बसला. मंग गावभर. पारावर कोनी बी मला बगून जीभ बाहेर काढायचा, "डॉक्टर, बगा हो, ठिपके हायेत का?" किराना दुकानात म्हनले, "डॉक्टर, आमच्या मिठात बी रोग दिसून राहिला, अर्धं पोतं पुरता का?" मी हसलो. सगळ्यांच्या आदी मी हसतो, तेवढं जमतं. पन अण्णा हसून झाल्यावर हळूच एक बोलला, "वहिनी काय म्हनली?" मी म्हनलं, "काही न्हाई." अण्णा म्हनला, "मंग अवघड हाय."

सोमवारी साहेब आले, त्यांच्या मशीननं दोन्ही शेडच्या अळ्या बगितल्या. साफ. मला त्यांनी नळीतून खरे दाने कसे दिसतेत ते दाखवलं, दुसऱ्या गावाहून आनलेल्या पट्टीवर. चकाकनारे, एकसारके, दान्यासारके. माझ्या राखंसारकं काहीच न्हाई त्यात. ट्रेनिंगला दोन्ही डोळे मिटून "हाव" म्हनलो नसतो तर एवढं झालंच नसतं. "दस्ती काचंला लावायची न्हाई," साहेब म्हनले. "धुतलेला मऊ कपडा, नुसता त्याच्यासाठीच." ती मागं उभी राहून ऐकत होती.

एका रॅकचे कोष झाले. चांगले झाले, पांढरेशुभ्र. बाजारात तिनंच नेले. दुसरा रॅक रिकामाच उभा होता, पाचच्या पाच मजले.

पुडच्या बारीच्या अळ्या आल्या. आठ-नऊ दिस झाले असतील. मशीन पेटीत बंद, मी तिच्याकडं बगत बी नव्हतो. एका सकाळी आंघूळ करून आलो, इभूतीची डबी उघडली, तर ती दारात. एका हातात वाटी, दुसऱ्यात धुतलेला पांढरा कपडा, तिच्या जुन्या लुगड्याचा.

"पट्टे लावले का?"

"न्हाई अजून."

"मंग आदी हे बगा."

"पूजेच्या आदी?" जन्मात मी पूजेच्या आदी दुसरं काम केलं न्हाई.

"लिंग गळ्यातच हाय. ते कुठं जातंय?"

डबी झाकली. पेटी शेडच्या दारात नेली. तिनं नळीची दोन्ही तोंडं कपड्यानं पुसली, मला हात लावू दिला न्हाई. वाटीत अळी होती. मी मागितली नव्हती. तिनं सोताच काढली होती, आन् सोताच घोटली. खड्ड्याच्या दिसापासून मी तिच्याकडं एक अळी मागितली नव्हती, मागायचं तोंड नव्हतं.

आरसा आभाळाकडं. लहान भिंग, टिक. लांबडं, टिक. बाजूनं बगत खाली, मंग वर.

"काय दिसून राहिलं?"

"काही न्हाई."

"नीट बगा."

नळी फिरवली. पट्टी सरकवली, डावीकडं पाहिजे होती म्हनून उजवीकडं. पाल्याचा हिरवा चुरा, पान्याचे बुडबुडे. एक काळा ठिपका न्हाई, एक चकाकता दाना न्हाई.

"काही न्हाई," म्हनलं. तीन दिस काही दिसंना म्हनून मी मशीन विहिरीत टाकायला निघालो होतो, आज तेच काही न्हाई पाहिजे होतं.

"सरका." तिनं बगितलं. लई येळ बगितलं. मंग उभी राहिली, पदरानं हात पुसले.

"म्हंजे ही चांगली होती," वाटीकडं बगत म्हनली.

ती वाटी घेऊन तुतीच्या कोपऱ्याकडं गेली, जिथं माती अजून थोडी उंच हाय, आन् तिथं ओतून आली. येताना म्हनली, "जा, लावा आता पट्टे. आन् ती दस्ती इकडं द्या."

मी दिली. उद्या म्हनलो न्हाई.